स्वेटरची लोकर भरतकामाला का चालत नाही

एका ताईंनी विचारलंय: लंडनच्या मुलीने त्यांना क्रूएल भरतकामाचा संच पाठवला. लिननच्या कापडावर वेल, पानं, मोठं फूल, सगळं बारीक लोकरीने भरायचं. निम्मं काम झालं आणि हिरवी लोकर संपली. मग बाजारातून रंग जुळवून स्वेटरची लोकर आणली आणि उरलेली पानं त्या लोकरीने भरली. आता ती पानं फुगलेली दिसतात, भोवतीचं कापड आवळलंय, दोऱ्यावर गोळे आलेत. हात बिघडला का? खरी लोकर इथे मिळेल का? घरी रंगवता येईल का? धुवायचं कसं? आणि भरलेलं उसवायचं का?

ताई, हात बिघडलेला नाही. ज्या हाताने पहिली दहा पानं नीट भरली त्याच हाताने पुढची चार भरली आहेत. बदललं ते सूत.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानात ज्याला आपण सर्रास लोकर म्हणतो त्यातली बरीचशी लोकर नसतेच, ती ॲक्रिलिक असते. एक तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघा. मेंढीची लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की विझू लागते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळी टणक गोळी राहते. तुमचं सूत ॲक्रिलिक निघालं तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळाली.

पण समजा शंभर टक्के लोकर निघाली, तरी तिने हाच त्रास दिला असता. विणायची लोकर आणि भरायची लोकर यांची कताईच वेगळी असते. स्वेटरचं सूत मऊ, हवा धरून ठेवणारं, ताणलं की लांबणारं हवं, त्यामुळे पीळ सैल ठेवतात. क्रूएलचं सूत लांब धाग्यांच्या लोकरीचं असतं. ती लोकर आधी विंचरतात, आखूड धागे काढून टाकतात, उरलेले एकमेकांना समांतर करतात आणि मग घट्ट पीळ देतात. या कताईला वर्स्टेड म्हणतात. असे दोन पदर एकत्र पिळले की क्रूएलचा दोरा होतो. हाताला तो जरा कडकच लागतो. नव्याने शिकणारे तो गालाला लावून बघतात आणि नाक मुरडतात. हा दोरा अंगावर घालायचा नाही, कापडातून ओढायचा आहे.

ओढायचा म्हणजे किती, ते जरा बघा. सुईत हातभर दोरा ओवला आणि लांब-आखूड टाक्याने पान भरायला घेतलं, की दोऱ्याचा सुईजवळचा भाग प्रत्येक टाक्याला दोनदा कापडातून जातो, एकदा वर आणि एकदा खाली. वीस टाके घातले तर तोच भाग चाळीस वेळा लिननच्या धाग्यांवर घासला गेला. सैल पिळाच्या सुतातले आखूड तंतू या घासण्यानेच बाहेर निघतात आणि त्यांचेच गोळे होतात. शिवाय भरताना हे सूत ताणलं जातं. टाका बसला की ते पुन्हा आखडायला बघतं आणि कापडाला सोबत ओढतं. तुम्ही म्हणता तो आवळलेपणा इथून आलाय. रिंगमध्ये कापड ताणलेलं असेपर्यंत तो दिसत नाही, रिंग काढल्यावर दिसतो.

म्हणूनच या लोकरीचा दोरा आखूड घ्यायचा, ४० ते ४५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. सूती दोऱ्याची सवय असलेल्यांना हे कंजूसपणाचं वाटतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात, त्यामुळे दोरा एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने किंचित खरखरीत लागतो. चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून बघा. सुईकडून शेपटाकडे बोटं फिरवल्यावर दोरा गुळगुळीत लागला पाहिजे. आणि सुई मोठ्या नेढ्याची पण टोकदार घ्या. दुकानात शनील सुई म्हणून मागा, २२ किंवा २४ नंबर. नेढं मोठं असलं की सुई आधी भोक करते, दोरा मागून मोकळा जातो. बारीक नेढ्याची सुई घेतली तर भोक करायचं काम दोऱ्यालाच करावं लागतं. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई कॅनव्हासच्या जाळीसाठी ठेवा, लिननवर ती अडते.

आता विकत कुठे आणि काय घ्यायचं. इंग्लंडमधल्या संचांत बहुतेक वेळा ॲपलटन्सची लोकर असते. ही कंपनी १८३५ सालची. त्यांच्या क्रूएल लोकरीची छोटी लडी साधारण २५ मीटरची येते, म्हणजे आपले ४५ सेंटिमीटरचे पंचावन्न दोरे. रंग ४०० हून अधिक आहेत, पण खरी मजा त्यांच्या आकड्यांत आहे. रंग घराण्याघराण्याने लावलेले असतात. ७४१ ते ७४९ हे एकाच निळ्याचं घराणं, ७४१ सर्वांत फिकट आणि पुढे गडद होत जाणारं. तुमच्या संचाच्या कागदावर हे आकडे असतील, मुलीला फक्त आकडा सांगा. 'हिरवी पाठव' म्हणालात तर भलतीच हिरवी येईल. रंगाचा घाणा बदलला की त्याच आकड्याची छटाही किंचित हलते. म्हणून एका पानाचं निम्मं जुन्या आणि निम्मं नव्या लडीने भरू नका. नवी लडी नव्या पानापासून सुरू करा, कोणाच्या लक्षात येत नाही.

किती लागेल याचा अंदाज डोळ्याने करू नका. त्याच कापडावर एक इंच लांब-रुंद चौकोन भरा, किती दोरे लागले ते मोजा, मग उरलेलं क्षेत्र ट्रेसिंग पेपरवर इंचांचे चौकोन आखून मोजा. वर पाचवा हिस्सा जास्त धरा.

भारतात तयार क्रूएल लोकर किरकोळ दुकानात मिळणं कठीण. तुळशीबागेत विचाराल तर बहुधा टॅपेस्ट्री लोकर पुढे करतील. ती चार पदरी, जाड, कॅनव्हासच्या जाळीसाठी असते. लिननवर ती भरली की पानाची भाकरी होते. मी वेगळा मार्ग सांगते. कुलूच्या शाली विणतात ते मेरिनोचं वर्स्टेड सूत शोधा. त्यावर २/४८ असा आकडा असतो, म्हणजे ४८ नंबरचे दोन पदर. एका ग्रॅमला साधारण २४ मीटर इतकं ते बारीक आहे. क्रूएल लोकर ग्रॅमला सात-साडेसात मीटर भरते. म्हणजे शालीच्या सुताचे तीन पदर एकत्र सुईत घेतले की जाडी जवळजवळ तीच. आणि तीन पदर वेगळे असल्याचा फायदा असा की एक पदर गडद, दोन फिकट असे मिसळून मधली छटा सुईतच तयार करता येते. वजनावर मिळतं, स्वस्त पडतं. पांढरंही मिळतं, ते पुढे रंगवायला उपयोगी.

दुसरा मार्ग काश्मीरचा. श्रीनगरकडचे क्रूएलचे पडदे, उशांचे अभ्रे आपल्याकडे हिवाळी प्रदर्शनांत येतात ते तुम्ही पाहिले असतीलच. दोसुती सुती कापडावर लोकरीची साखळी, वेल आणि चिनारची पानं. पण ते काम सुईचं नाही, आरीचं (टोकाला आकडा असलेल्या अवजाराचं) आहे, त्याला तिकडे झलकदोजी म्हणतात. इथे एक बारकावा आहे, आणि तुमच्या अडचणीचं अर्धं उत्तर त्यातच आहे. आरीच्या कामात दोरा कापडाच्या खाली धरलेला असतो आणि आकडा प्रत्येक वेळी त्याचा एक फास वर ओढतो. म्हणजे दोऱ्याचा कुठलाही भाग कापडातून एकदाच जातो. घासला जायला त्याला वेळच मिळत नाही. त्यामुळे जरा मऊ, सैल लोकरही आरीने छान बसते. आपल्याकडे आरी येणाऱ्या मुली आता गल्लोगल्ली आहेत, ब्लाउजवर मणी आणि जर लावतात. त्यांच्याकडून साखळी शिकून घ्या, चार दिवसांत हात बसेल.

याच तत्त्वावर आणखी एक जुनी युक्ती आहे आणि ती सुईची आहे. फ्रान्समधल्या बायो गावचा तो प्रसिद्ध पट, ज्यात १०६६ सालची इंग्लंडवरची स्वारी चितारली आहे, तो विणलेला नाही, भरलेला आहे. अकराव्या शतकातलं काम, लिननवर लोकर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर आणि लांबी जवळजवळ ७० मीटर. त्यात रेषा दांडी टाक्याने काढल्या आहेत. पण घोड्यांची अंगं, जहाजांची शिडं भरायची होती, तिथे टाका दोन्ही बाजूंना भरत बसले असते तर लोकर दुप्पट लागली असती. त्यांनी आधी लोकरीचे लांब दोरे आकाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शेजारी शेजारी अंथरले. कडेला पोचलं की सुई तिथेच शेजारून वर काढायची, कापडाच्या मागून पलीकडे न्यायची नाही. मग त्यावर आडवे दोरे तीन-चार मिलिमीटर अंतरावर टाकले आणि ते बारीक टाक्यांनी टाचले. सगळी लोकर वर, पाठीमागे जवळजवळ काहीच नाही. दोरा कापडातून मोजक्याच वेळा जातो, म्हणून तो कमी घासतो, आणि ताणावा लागत नाही म्हणून कापड आवळत नाही.

तुमची स्वेटरची लोकर खरी लोकर निघाली आणि ती टाकून द्यायला जीव होत नसेल, तर तिच्याने हा अंथरलेला टाका घाला. मोठं फूल याने भरलं तर उठून दिसेल. पानांसाठी मात्र नको, लहान आकारात या टाक्याच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात.

घरी रंगवण्याविषयी. करता येतं, पण त्यातल्या लाडक्या समजुती आधी काढून टाका. हळदीचा पिवळा टिकत नाही. काही दिवस सुंदर दिसतो, उजेडात ठेवला की उडतो. बीटाचंही तेच. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल वापरा, नाहीतर झेंडू. तांबड्यासाठी मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानात मुळ्यांचे तुकडे मिळतात.

शंभर ग्रॅम लोकर घ्या, सैल लडी करा आणि सुती दोऱ्याने तीन-चार जागी आठच्या आकड्यासारखी बांधा, घट्ट नाही, नाहीतर बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून तेल काढा. मग भांड्यात दहा-बारा ग्रॅम तुरटी विरघळवा, ओली लडी त्यात सोडा आणि मंद आचेवर तापमान हळूहळू चढवा. पाणी वाफाळत राहावं, खदखदू नये. तासभर तसंच ठेवून गॅस बंद करा आणि लडी त्याच पाण्यात निवू द्या. गरम लोकर गार पाण्यात टाकली किंवा ढवळत बसलात की तिचे खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाजमासारखा, घट्ट बोळा होतो. तो परत सुटत नाही.

मंजिष्ठेच्या मुळ्या लोकरीच्या वजनाइतक्या, हवा तर दुप्पट, रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या दिवशी कोमट करा, लडी सोडा, पुन्हा हळूहळू तापवा, पण या वेळी उकळीच्या खूपच खाली थांबा. जास्त तापवलं की तांबडा विटकरी होत जातो. पहिल्या लडीला गडद, त्याच पाण्यात दुसरीला मध्यम, तिसरीला फिकट रंग येतो. एकाच भांड्यातून अशा तीन छटांचं घराणं तयार होतं आणि त्या एकमेकींशी कधी भांडत नाहीत. मला घरी रंगवण्याचं खरं कारण हेच वाटतं. एकच सुटा रंग हवा असेल तर सरळ विकत घ्या. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, आणि लोखंडाची कढई तर नकोच. लोखंडाने रंग काळवंडतो आणि लोकर कालांतराने कच्ची होते.

हिरवा मात्र सर्वांत अवघड, आणि तुम्हाला नेमका तोच हवाय. निसर्गात पानं हिरवी असली तरी त्यांचा टिकाऊ हिरवा रंग लोकरीवर चढत नाही. युरोपातही हिरवा दोन रंगांचा करत. वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा आणि वोड किंवा नीळ यांचा निळा, एकावर एक. यातला पिवळा आधी उडतो, निळा राहतो. सतराव्या शतकातले इंग्लंडचे क्रूएलचे पडदे आणि पलंगाचे झालर-पडदे आज पाहिले तर झाडांची पानं निळसर दिसतात. कित्येकांना वाटतं तेव्हाची फॅशन तशी होती. असेलही काही ठिकाणी, पण उजेड न लागलेली मागची बाजू पाहिली की हिरवं कुठे होतं ते कळतं. निळीचं भांडं लावणं हे वेगळंच शास्त्र आहे, त्यात या उत्तरात शिरत नाही. तुमच्या चार पानांसाठी हिरवी विकतच घ्या.

रासायनिक रंग म्हणजे वाईट आणि झाडपाल्याचे म्हणजे चांगले, असं मी म्हणत नाही. आजचे लोकरीसाठी बनवलेले चांगले रंग झेंडूपेक्षा कितीतरी पक्के असतात. जुने रासायनिक रंग मात्र बदनाम झाले ते त्यांच्या कर्मानेच. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने पहिला रासायनिक जांभळा रंग शोधला आणि पुढच्या काही वर्षांत बर्लिन लोकरकामात भडक जांभळे, किरमिजी, हिरवे रंग घुसले. चौकटींच्या कागदावर नक्षी छापायची आणि कॅनव्हासवर मऊ मेरिनो लोकरीने मोजून फुल्या घालायच्या, हे ते काम. आपल्या जुन्या घरांत काचेमागे लोकरीचे पोपट आणि गुलाबाच्या परड्या असतात, ते याच कुळातले. त्या काळातल्या अनेक रंगांनी दगा दिला. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस या नक्षीकाराला ते भडक रंग सहन होईनात, तेव्हा तो लीक गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन नीळ आणि मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचे प्रयोग करत बसला. हाच वॉर्डल आपल्या टसर रेशमावर रंग कसा चढवायचा याच्याही मागे लागला होता. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने गावातल्या बायकांना घेऊन १८८५-८६ मध्ये बायोच्या पटाची पूर्ण प्रत भरली, लोकर नवऱ्याने रंगवलेली. ती प्रत आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. मूळ पटात एक उघडा पुरुष आहे, त्याला या प्रतीत चड्डी मिळाली आहे. त्यांना नमुन्यादाखल मिळालेल्या चित्रांतच तो झाकलेला होता म्हणे. मूळ पटाची एकोणिसाव्या शतकात काही डागडुजी झाली, त्या नव्या लोकरीपेक्षा आठशे वर्षं जुनी लोकर रंगाने जास्त टिकली, हे रंगाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

धुण्याचं. शक्यतो धुवू नका, पण हाताच्या घामाने कापड मळलंच असेल तर आधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्या. पांढरा सुती बोळा ओला करून मागच्या बाजूने टाक्यांवर मिनिटभर दाबा. बोळ्याला रंग लागला तर विषय संपला, धुणं नाही. लागला नाही तर रिठ्याचं किंवा लोकरीसाठीच्या द्रव साबणाचं गार पाणी घ्या. कपड्याची पावडर क्षारयुक्त असते, ती लोकरीला खाते. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि ओलं असतानाच फळीवर पालथं नाही, सुलटं ताणून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडा ठोका. धागे काटकोनात आहेत ना ते पट्टीने बघा. दोन दिवस सावलीत वाळू द्या. यानेच तुमच्या कापडाचा बराचसा आवळलेपणाही निघेल. इस्त्री फिरवायचीच असेल तर जाड टॉवेलवर काम पालथं घालून फक्त कोऱ्या कापडावर. टाक्यांवर दाबलीत की लोकरीचा उठाव जातो.

उसवायचं का? चार पानं ॲक्रिलिकची असतील तर उसवाच. ती उजेडात वेगळी चकाकतात आणि जन्मभर तिथेच तुमची नजर जाईल. मागच्या बाजूने बारीक कात्रीने एकाआड एक टाके कापा, मग पुढून चिमट्याने तुकडे काढा. दोरा ओढून काढू नका, लिननची भोकं मोठी होतात. उरलेल्या भोकांवर सुईचं टोक हलकेच फिरवलं आणि ओल्या बोटाने कापड दाबलं की धागे जागेवर येतात. खरी लोकर निघाली तर आधी वर सांगितल्याप्रमाणे ताणून वाळवून बघा आणि मग ठरवा.

शेवटचं कसरीचं. तिची अळी लोकरच खाते, लिननला सहसा हात लावत नाही, त्यामुळे पेटीतून काढल्यावर नक्षी गेलेली आणि कापड शाबूत असं दृश्य दिसतं. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची आपली पद्धत चांगली, पण त्या वासाने आत आधीच घातलेली अंडी मरत नाहीत. बाजारातून नवी लोकर आली की मी ती प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करते आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आत दव धरतं. फ्रेम करताना काच कामाला टेकू देऊ नका, मध्ये कागदी पट्टीची चौकट घाला. कोकणातल्या घरात टांगणार असाल तर बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा. आणि खिडकीसमोर तर कुठल्याच गावी नको.